तुकडी क्रमांक एकेचाळीस

ते प्रकरण आजही आठवतं, आणि आठवलं की आधी भाजलेल्या धण्यांचा वास येतो, मग माझी चूक आठवते. सेवेची शेवटची अडीच वर्षं मी मालवणला होतो. मी मूळचा घाटावरचा, सांगलीकडचा. समुद्र पाहिला होता तो सहलीत आणि बंदोबस्तात. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपास मी इतर जिल्ह्यांत केले, पण निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातल्या पोरांनी बोलायला उभं केलं, तेव्हा मी बोललो ते या मसाल्याच्या पाकिटाबद्दल. नावं कुणाचीच देणार नाही. त्यातली माणसं आजही एकाच बाजारात मासळी घेतात, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात.

दिवाळीनंतरचे दिवस होते. पर्यटकांचा हंगाम. अशा दिवसांत मालवणच्या ठाण्यात सकाळची हजेरी संपायच्या आत तीन-चार माणसं बाकावर येऊन बसलेली असतात. कुणाची गाडी तारकर्लीच्या वाळूत रुतलेली, कुणाचा मोबाईल पाण्यात पडलेला आणि त्याला तो चोरीला गेल्याची नोंद हवी असलेली. होडीच्या रांगेवरून जेटीवर बाचाबाची झालेली. यात गुन्हा कमी आणि माणसांचा थकवा जास्त. मी हवालदारांना सांगत असे, आधी पाणी द्या, मग अर्ज घ्या. निम्मे अर्ज पाण्यातच विरघळतात.

त्या सकाळी ओरोसहून, जिल्हा कार्यालयाकडून, एक अर्ज चौकशीसाठी आला. अर्जदार पुण्याच्या एक बाई. कुटुंबासह तारकर्लीला राहून गेल्या होत्या. जाताना मालवणात मालवणी मसाल्याची चार पाकिटं घेतली. घरी कोंबडी केली, आणि जेवल्यावर तासाभरात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचं तोंड सुजलं, अंगावर पित्त उठलं, उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात. मसाला हाताला लागला तर साबणानंही रंग जात नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. सोबत दोन पाकिटं पाठवली होती, एक फोडलेलं आणि एक बंद. आणि शेवटची ओळ अशी होती की वाचून मला वाटलं, चौकशी संपलीच. पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की बनवणाऱ्या बाई स्वतःच्या आवाजात सांगतात, हा मसाला मी केला आहे. मग जबाबदारी त्यांचीच नाही का?

मी मोबाईल काढला आणि केबिनमध्येच तो कोड स्कॅन केला. एक साधं पान उघडलं. वर लिहिलेलं, तुकडी क्रमांक एकेचाळीस. खाली भाजल्याची तारीख, मिरची कोणती, आणि आवाज ऐकायचं बटण. दाबलं.

"नमस्कार. हा मसाला मी माझ्या अंगणात, चुलीवर भाजून केलेला आहे. एक किलो कोंबडीला तीन चमचे पुरेत. जास्त घातलात आणि तिखट झालं, तर चूक तुमची, माझी नाही."

समोर आमचे बीट हवालदार खुर्चीवर बसले होते. पंचेचाळिशीचा माणूस, आवाज ऐकला आणि उठून ताठ उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब, ही टीचर," ते म्हणाले. "तिसरीक आणि चौथीक माका हीच होती."

टीचर म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती बाई. मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीत राहत. नवरा जहाजावर स्वयंपाकी होता, तो काही वर्षांपूर्वी वारला. दोन्ही मुलगे गोव्यात नोकरीला. निवृत्तीनंतर त्यांनी मसाला करायला घेतला आणि बघता बघता त्यांच्या पाकिटाचं नाव झालं.

माझी चूक इथं झाली. अर्ज, पाकीट आणि आवाज एवढं हातात आलं म्हटल्यावर मी जीप काढली, गणवेशात भर दुपारी त्यांच्या दारात उतरलो, आणि शेजारपाजारच्या बायका बघत असताना अंगणातच विचारपूस सुरू केली. चटयांवर मिरच्या वाळत होत्या. एका बाजूला मोठ्या कढईत धणे भाजले जात होते. दारातल्या खुरसापाशी, म्हणजे दगडी क्रुसापाशी, ताजी फुलं होती.

"बसा," टीचर म्हणाल्या. उंच, सडसडीत, पांढरे केस घट्ट बांधलेले. माझ्याशी त्या शाळेतलं शुद्ध मराठी बोलत होत्या. "काय काम काढलंत?"

मी फोडलेलं पाकीट पुढे केलं. "हे तुमचं?"

त्यांनी चष्मा लावला. "लेबल माझं आहे."

मी कोड स्कॅन करून आवाज लावला. कुंपणापलीकडे दोन बायका थबकल्या. "आणि हा आवाज?"

"आवाजही माझाच आहे."

"मग मसालाही तुमचाच. हा खाऊन पुण्यात एक लहान मूल दवाखान्यात गेलं."

त्यांच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. धणे करपायला लागले, ते कुंपणापलीकडच्या एका बाईनं धावत येऊन उतरवले.

"मूल कसं आहे आता?" त्यांनी विचारलं.

अर्जात मूल घरी आलं असं होतं, पण आता कसं आहे ते मी पुण्याला फोन करून विचारलं नव्हतं. नोकरीत शेकडो माणसांना मी आरोप ऐकवला आहे. दोषी माणसाचा पहिला प्रश्न बहुधा असतो, कोणी सांगितलं? निर्दोष माणूस बहुधा चिडतो. या बाईंनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. मी तिथूनच अर्जदार बाईंना फोन लावला. मूल बरं होतं, शाळेत जायला लागलं होतं. टीचरनी ते ऐकलं, कपाळावर, छातीवर हात नेऊन क्रुसाची खूण केली, आणि मग पाकिटातली चिमूट उचलून नाकाशी नेली.

"ह्येका वास खंय आसा?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्या पुडीला वासच नव्हता. मग एका वाटीत पाणी घेऊन ती चिमूट त्यात टाकली. पाणी कुंकवासारखं लाल झालं. दुसऱ्या वाटीत त्यांनी स्वतःचा मसाला टाकला. तो तळाशी बसला, पाणी जरासं तपकिरी झालं, वर तेलाचा तवंग आला. शेवटी त्यांनी लेबलावरचा आकडा वाचला.

"एकेचाळीस? साहेब, एकेचाळिसावी तुकडी मी गणपतीच्या आधी केली. चाळीस पाकिटं होती. सगळी संपली. तुमच्या या बाई कधी आल्या होत्या?"

"दिवाळीनंतर."

"थांबा."

त्या आतून एक लांबट वही घेऊन आल्या. शाळेचा हजेरीपट. प्रत्येक पानावर एक तुकडी, आणि मुलांच्या नावांच्या जागी पाकिटांचे आकडे. कुठलं पाकीट कुठल्या दुकानात गेलं ते समोर लिहिलेलं. एकेचाळिसावी तुकडी तीन दुकानांत आणि दोन घरगुती निवासांत वाटली गेली होती.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"तेहेतीस वर्षं हजेरी घेतली. हात गप्प बसत नाही. आणि तो ठिपक्यांचा चौकोन माझ्या भाचीचा."

भाची कुडाळला लेबलं छापते. हुशार मुलगी. तिला तिथूनच स्पीकरवर फोन लावला आणि तिनं जे सांगितलं त्यातलं निम्मं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत क्यूआर कोड म्हणजे माझ्या लेखी दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेला पैसे घेण्याचा कागद. भाचीनं मावशीसाठी प्रत्येक तुकडीला वेगळा कोड केला होता. कोड पाकिटाच्या घडीवर येऊ दिला नव्हता, कारण घडी पडली की तो वाचला जात नाही. चकचकीत कागद टाळला होता, आणि खाली ठळक छापलं होतं, 'स्कॅन करा, टीचर सांगतील'. नुसता चौकोन छापला तर लोक त्याकडे बघतही नाहीत, असं तिचं म्हणणं.

"एकेचाळिसावं पान किती वेळा उघडलं गेलंय, ते दिसतं का?" मी विचारलं.

"दिसतं ना. थांबा हां." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मावशे, चाळीस पाकिटं होती ना गो? हयसर सहाशेच्या वर दाखवता."

कुणीतरी टीचरचं एक खरं पाकीट समोर ठेवून लेबल जसंच्या तसं, कोडासकट छापून घेतलं होतं. खाली ओळ असूनही छापणाऱ्याला तो चौकोन म्हणजे नक्षी वाटली असावी. त्यामुळे हलक्या पुडीच्या प्रत्येक पाकिटातून टीचरचा खरा आवाज ग्वाही देत होता. आणि त्या ग्वाहीवर विश्वास ठेवणाऱ्यांत मी पोलीस निरीक्षकही होतो.

मी टीचरची फिर्याद घेतली. बंद पाकीट अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्याची व्यवस्था केली. आता पुढे काय, हे मला पाठ होतं. गप्प राहायचं, पाच ठिकाणी साध्या वेशातली माणसं ठेवायची, बनावट ग्राहक पाठवायचा, माल पकडायचा. तीन-चार दिवसांचं काम. मी तसं बोलूनही दाखवलं.

टीचर उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आणि त्या तीन-चार दिवसांत? साहेब, सहाशे वेळा कुणीतरी ते पान उघडलं. ती पाकिटं कुठे कुठे गेली असतील. कुणाच्या तरी घरी आज ते शिजेल."

"सगळ्यांना आपण कसं गाठणार?"

फोनवर भाची अजून होती. "काका," ती म्हणाली, "छापलेला कोड बदलता येत नाही. पण तो जिथे नेतो ते पान माझ्या हातात आहे. पाच मिनिटांत बदलते. खरी एकेचाळिसावी तुकडी कधीच संपलीय. आता ते पान जो कोणी उघडेल, त्याच्याकडे बहुतेक खोटं पाकीटच असणार."

मला ते समजायला क्षणभर वेळ लागला. चोरानं कोड चोरून आपल्या प्रत्येक पाकिटावर टीचरच्या घराचं दार बसवलं होतं. आता त्या दारातून काय सांगायचं ते टीचर ठरवणार होत्या.

पण पोलिसाचं मन अडलं. ही सूचना गेली की ती आरोपीच्या कानावर जाणार. तो माल हलवणार, लेबलं जाळणार, आणि कोर्टात माझ्या हातात एक वही आणि दोन वाट्या पाणी राहणार. वरिष्ठांना फोन केला. त्यांनीही तेच विचारलं, "आरोपी सावध होईल त्याचं काय?" मी म्हणालो, "सर, ज्यानं कोड म्हणजे नक्षी समजून नक्कल केली, तो स्वतःचं पाकीट कधी स्कॅन करत नसणार." हे मी ठामपणे बोललो, पण खात्री नव्हती. तो अंदाज होता. "तुमच्या जबाबदारीवर," ते म्हणाले.

संध्याकाळच्या आत नवा आवाज चढला. टीचरनी तो एका दमात, न अडखळता सांगितला. "हे पाकीट माझं नाही. यात काय आहे मला माहीत नाही. कृपा करून शिजवू नका, मुलांना देऊ नका. कुठल्या दुकानातून घेतलंत ते खालच्या नंबरवर कळवा. तुमची फसवणूक माझ्या नावानं झाली, याचं मला वाईट वाटतं." खाली आमच्या ठाण्याचा एक मोबाईल नंबर. तो फोन एका महिला अंमलदाराच्या हाती दिला आणि कोरा तक्ता आखून दिला: कोण, कुठून, कधी घेतलं, दुकान कसं होतं.

पोलिसाला खबर देणारे लोक ठरलेले असतात. रिक्षावाले, टपरीवाले, रागावलेला भागीदार. आयुष्यभर मी अशा खबऱ्यांवर काम केलं. या वेळी खबर आली ती अनोळखी स्वयंपाकघरांतून. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून एक गृहस्थ बोलले. मग ठाणे शहरातून एक मुलगी, जिनं आईला वाढदिवसाची भेट म्हणून पाकीट दिलं होतं. मग पुण्याहून दोघं. नाशिकच्या एका आजींनी अंमलदाराला पंधरा मिनिटं धरून ठेवलं. त्यांनी मसाला आधीच फेकला होता, पण टीचरचा मूळ आवाज त्यांना फार आवडला होता, तो पुन्हा ऐकायला मिळेल का, असं विचारत होत्या. दुपारपर्यंत तक्त्यात एकवीस नोंदी झाल्या. दोघांना दुकान आठवत नव्हतं. बाकी सगळे एकाच जागेकडे बोट दाखवत होते: जेटीकडे जाताना डाव्या हाताचं दुकान, बाहेर सुक्या मासळीच्या टोपल्या, काजू, कोकम आणि खाजा विकणारं. हजेरीपटातल्या तीन दुकानांपैकी ते एक होतं.

मी ओरोसला अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. ते निघाले. पंच बोलावले. हवालदारांना साध्या वेशात दुकानावर लक्ष ठेवायला पाठवलं. आणि अर्ध्या तासात त्यांचा फोन. आवाज दबका.

"साहेब, घोळ झालो. तारकर्लीक रवणारो एक पाव्हणो आवाज ऐकान पाकीट परत करूक इलो. दुकानात भांडान गेलो. आता ह्यो शटर ओढूक बघता."

"अडवा त्याला. पण पोलीस म्हणून नाही. अजून पथक पोचलं नाही."

"मगे कसो अडवू?"

"गिऱ्हाईक व्हा."

पुढचा पाऊण तास आमच्या हवालदारांनी जी नोकरी केली, तिची नोंद कुठल्याही केस डायरीत नाही. त्यांनी सुके बांगडे मागितले. मग ते बारीक आहेत म्हणून परत केले. मग सुकट. सुकटीत वाळू आहे म्हणून ती सुपात पाखडून घेतली. मग म्हणाले, बायकोला विचारतो, आणि मला फोन लावून "होय गो, होय गो" करत राहिले. दुकानदार शटर अर्ध्यावर धरून उभा. पण हातचं गिऱ्हाईक सोडणं दुकानदाराच्या रक्तात नसतं. आम्ही पोचलो तेव्हा हवालदार सुकवलेल्या मोरी माशाच्या तुकड्यांवर घासाघीस करत होते.

पंचांसमक्ष झडती घेतली. पुढचं दुकान नेटकं होतं. मागच्या खोलीत लाल पुडीची दोन पोती, पिशव्या बंद करायचं यंत्र, आणि लेबलांचे गठ्ठे. प्रत्येक लेबलावर एकच आकडा, एकेचाळीस. पंचनामा झाला, नमुने घेतले, मुद्देमाल सील केला.

दुकानदार चाळिशीचा, गोलसर चेहऱ्याचा. जेटीवर कुणालाही विचारा, चांगला माणूस म्हणून सांगतील. ठाण्यात आणल्यावर त्यानं पहिल्यापासून एकच धरून ठेवलं. "माका कायच म्हायत नाय साहेब. घाटावरसून एजंट येता, तो देऊन जाता. मी फकस्त इकतंय."

"एजंटचं नाव?"

"नाव नाय म्हायत."

"फोन नंबर?"

"तोच येता."

मागच्या खोलीत यंत्र सापडलेला माणूस हे सांगत होता. मी चहा मागवला. चौकशीत आवाज चढवणं मी पुष्कळ वर्षांपूर्वी सोडलं. चढलेल्या आवाजापुढे माणूस खोटं घट्ट धरतो, कारण त्याला तेवढंच हातात असतं. चहा संपल्यावर मी जप्त लेबलांपैकी पंचांच्या सहीचं एक लेबल टेबलावर ठेवलं.

"मोबाईल आहे ना तुमचा? हा कोड स्कॅन करा."

"ह्यो? ह्यो काय, डिझाईन आसा. मी कधी करून बघूक नाय."

"करा तर खरं."

त्यानं मोबाईल धरला. पान उघडलं. त्याला बटण दिसेना, हवालदारांनी दाखवलं. आणि त्या खोलीत टीचरचा आवाज आला. हे पाकीट माझं नाही. मुलांना देऊ नका. माझ्या नावानं.

त्यानं मोबाईल उलटा ठेवला, पण आवाज चालूच होता. मग दोन्ही हातांनी झाकला. हवालदार भिंतीकडे बघत होते. नंतर मला कळलं, दोघे एकाच शाळेत, तीन वर्षांच्या अंतरानं शिकलेले.

"टीचरनी माका हात धरून अक्षर शिकवलानी साहेब," तो म्हणाला. त्यानंतर खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नाही.

त्यानं सगळं सांगितलं. सुरुवातीला तो टीचरचाच मसाला विकत असे. गिऱ्हाईक यायचं ते मोबाईलवर पाकिटाचा फोटो दाखवतच. टीचर महिन्याला त्याला दहा पाकिटं देत, ती दोन दिवसांत संपत. लोक रिकाम्या हातानं परत जायचे, शेजारच्या दुकानातून दुसरंच काही घ्यायचे. एकदा घाटावर माल आणायला गेला असता त्यानं एका ठिकाणी लेबलाची नक्कल करून घेतली आणि तिथल्याच बाजारातून तयार पुडी आणली. रंग भडक आहे हे त्याला दिसत होतं. लोकांना भडकच आवडतो, असं विकणाऱ्यानं सांगितलं. मूल आजारी पडल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यानं मुलाचं वय विचारलं. त्याला स्वतःला दोन मुली होत्या.

"तुमच्या घरी कुठला मसाला वापरता?" मी विचारलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "टीचरचो."

जबाब झाल्यावर त्यानं एकच विनंती केली, टीचरला बोलवू नका. पण त्या पुरवणी जबाबासाठी आधीच येऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्याला बाहेर नेताना दोघं समोरासमोर आली.

"माका विचारूचा तरी होतास रे," टीचर म्हणाल्या.

"इचारलेलंय टीचर. दोनदा. तुमी म्हणालात, माज्यान जास्त होवचा नाय."

टीचरनी होकारार्थी मान हलवली. "होय. विचारलेलंस." मग त्या शुद्ध मराठीत आल्या, आणि मला वाटतं ती त्याला सर्वांत जड शिक्षा होती. "मी नाही म्हटलं, हे खरं. त्यात माझं चुकलं असेल. पण त्या मुलाच्या पोटात जे गेलं ते माझ्या 'नाही'मुळे गेलं नाही. फिर्याद मी मागे घेणार नाही."

"नको घेव," तो म्हणाला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात खाण्यात वापरायला बंदी असलेला रंग निघाला. दुकानदाराचा खाद्यपदार्थांचा परवाना गेला, दंड झाला, कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. लेबल छापणारा आणि पुडी देणारा यांच्यापर्यंत त्याच्याच माहितीवरून पोचलो. ते काम दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांनी पुढे नेलं. ओरोसला तारखेला गेलो असता एकदा तो भेटला. सुक्या मासळीचा धंदा बायकोच्या नावावर चालवत होता. मला बघून टाळेल असं वाटलं, पण समोर आला. सांगितलं, की पुण्याच्या बाईंना त्यानं स्वतः पत्र लिहिलं, आणि उत्तर आलं नाही. "येवचा बी नाय," तो म्हणाला, "पण लिवलंय."

टीचरनी त्यानंतर वाडीतल्या चार बायका सोबत घेतल्या. आता तुकडी दुप्पट होते आणि कोड तुकडीला नाही, एकेका पाकिटाला आहे. कुठलंही एक पाकीट चार-पाचपेक्षा जास्त वेळा उघडलं गेलं की भाचीच्या मोबाईलवर सूचना येते. पहिल्याच महिन्यात एक पाकीट तीस वेळा उघडलं. भाची घाबरली, मला फोन केला. चौकशी केली तर त्या नाशिकच्या आजी निघाल्या. मागवून घेतलेलं खरं पाकीट होतं, आणि त्या रोज शेजारणींना आवाज ऐकवत होत्या.

पुढे सिंधुदुर्गनगरीत लहान उद्योग करणाऱ्यांच्या एका मेळाव्यात मला फसवणुकीवर बोलायला बोलावलं. मला व्यवसायातलं काही कळत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. कोड छापायचा तर त्याच्या खाली लिहा, उघडल्यावर काय मिळेल ते. खाऱ्या हवेत कागद फिका पडतो, महिन्याला एकदा स्वतः स्कॅन करून बघा. छापून देणाऱ्यावर पान सोडू नका, त्याची किल्ली घरात ठेवा. आणि उघडल्यावर नुसती जाहिरात नको, माणूस भेटू द्या. मागच्या रांगेतून धामापूरकडची, कोकमाचं आगळ विकणारी एक बाई उठली.

"साहेब, आणि चोरान माझो कोड चोरलो तर?"

"चोरू द्या. गिऱ्हाईक त्यातून तुमच्याच दारात येणार. तुम्ही घरात असा म्हणजे झालं."

"आणि रेंज नसली तर?"

सभागृह हसलं. मीही हसलो. "तर फोन नंबर मोठ्या अक्षरांत छापा," म्हटलं.

तिथून परतताना गाडीत मी त्या दुपारचा विचार करत होतो. तपासाची ताकद गुप्ततेत असते, हे मला अकादमीत शिकवलं गेलं आणि पुढे मीही ते नव्या पोरांना शिकवलं. ते खोटं नाही. पण गुप्तता ही आमची सोय असते, हे मी विसरलो होतो. टीचरनी आधी लोकांना सावध केलं, आणि त्या लोकांनीच आम्हाला दुकानाचा पत्ता दिला. त्यात धोका होता. तो पाहुणा तासभर आधी भांडायला गेला असता, किंवा आमचे हवालदार जरा कमी चिवट असते, तर माल हातातून गेला असता. गेला असता तरी आज मला वाटतं, मी तेच केलं असतं. आरोपी आज नाही तर उद्या सापडतो. जेवायला बसलेल्या माणसाला मात्र आधी सांगावं लागतं.